गिरण्यांच्या जमिनी आणि कटाचा आरोप

मित्रहो, वरचा वर्ग धोरणं आपल्या हिताकडे वळवतो असं म्हटलं की लगेच ऐकावं लागतं, ‘ही तर कटाची कहाणी झाली.’ मला हे मान्य नाही. का, ते सांगायला लालबाग-परळच्या बाहेर जायची गरज नाही.

१८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली बेमुदत संपावर गेले. कामगार कुणाच्या मागे आहेत, हे अख्ख्या शहराला दिसत होतं. तरी वाटाघाटीत सामंतांना जागा नव्हती. कारण १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्यानुसार उद्योगात प्रातिनिधिक युनियन, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलणी करणारी संघटना, एकच, आणि तो दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. कायदा झाला तेव्हा त्या संपकऱ्यांपैकी कितीतरी जण जन्मलेही नव्हते. १९८२ मध्ये बंद खोलीत कुणी खलबतं केली नसती, तरी हे दार बंदच होतं.

शिवाय मालकाला थांबणं परवडत होतं. कापडाचा धंदा बसला तरी पायाखालची जमीन त्याचीच होती. कामगाराला पगाराविना महिने काढायचे होते. कोकणातल्या, घाटावरच्या घरी परतून तो किती काळ तग धरणार? संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, तो असा झिजत गेला.

मग जमिनीचं पाहा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरणीची जमीन नव्याने विकसित करताना तिचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे: महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, म्हाडाला घरांसाठी, आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीचं आवार ज्यांनी पाहिलंय त्यांनाच विचारा, शेड आणि गोदामं वगळली तर तिथे मोकळं उरतं किती! २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सगळं जाहीर, सगळं छापील.

कटाच्या कहाणीला गुपित लागतं आणि मूठभर खलनायक लागतात. ते हटवले की प्रश्न मिटला. आपला प्रश्न वेगळा आहे: माणसं बदलूनही निकाल तोच का लागतो? १९९१ ला काँग्रेसचं सरकार होतं, १९९५ ला शिवसेना-भाजपची युती आली, १९९९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी. युतीच्या काळात नेमलेल्या, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने गिरणगावाचा एकत्रित विचार मांडला, तोही अमलात आला नाही.

खरे कट होतातच. डिसेंबर १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अमेरिकन सिगारेट कंपन्यांचे प्रमुख जमले आणि धूम्रपान व कर्करोगाच्या संबंधाबद्दल संशय पसरवण्याची मोहीम उभी राहिली. हे कागदपत्रांनी सिद्ध झालंय, म्हणून मी ते कट म्हणून सांगतो. पुरावा नसेल तिथे हा शब्द वापरू नये.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. गिरण्यांबद्दल बोलताना ‘अमुक समाजाचे मालक, त्यांनीच मराठी माणसाला संपवलं’ असं म्हटलं जातं. इथे विश्लेषण सुटतं आणि द्वेष सुरू होतो. मालक कुठल्याही जातीचा असता, अगदी आपल्यातला असता, तरी १९४६ चा कायदा आणि २००१ ची दुरुस्ती त्याच्याच कामी आली असती.