परवानगी नेमकी कोणी नाकारली?

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या महाविद्यालयाचे किंवा रुग्णालयाचे सर्व्हर ज्यांच्या हाती आहेत, त्यांच्याशी आज मला बोलायचे आहे. नेटवर्कवर लक्ष ठेवणारी सर्व्हिसच सुरू होत नाही आणि लॉगमध्ये ‘पर्मिशन डिनाइड’ एवढेच उमटते, तेव्हा काय करावे, हा आजचा विषय. उदाहरण झॅबिक्सचे घेतो. लॅटव्हियाच्या अलेक्सेई व्लादिशेव यांनी २००१ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ही प्रणाली आपल्याकडेही अनेक ठिकाणी वापरात आहे.

एका संस्थेत रात्री वीज गेली, परत आली आणि सर्व्हर पुन्हा उठला. मात्र त्यावरचा झॅबिक्सचा एजंट, म्हणजे त्या यंत्राची खबर झॅबिक्सला पोचवणारा प्रोग्रॅम, उठला नाही. लॉगमधल्या ओळीत चौकटी कंसात १३ हा आकडा होता, आणि लिनक्समध्ये या आकड्याचा अर्थ परवानगी नाकारली असा होतो. तिथल्या तरुण सहकाऱ्याने घाईघाईने, एजंट ज्या गुप्त किल्लीने झॅबिक्सशी सुरक्षितपणे बोलतो, तिच्या फाइलला ७७७ दिले, म्हणजे वाचण्या-लिहिण्याची मुभा सगळ्यांनाच देऊन टाकली. तरीही ओळ तीच राहिली. पुढचा विचार अर्थातच एजंट रूट म्हणून, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी युजरच्या नावाने, चालवण्याचा होता. मी त्याला तिथेच थांबवले, कारण देखरेख करणाऱ्या प्रोग्रॅमला रूटचे अधिकार दिले, तर त्यातली एखादी त्रुटी हेरणाऱ्याच्या हाती सगळे यंत्र आयतेच जाते. झॅबिक्स रूटखाली चालायला मुळातच राजी नसतो आणि ‘झॅबिक्स’ नावाच्या साध्या युजरखाली जातो, ते याचसाठी.

अशा वेळी पहिला प्रश्न हा, की नकार कोणाला मिळाला. आपण रूट म्हणून फाइल उघडून पाहतो, ती उघडते आणि आपण गोंधळात पडतो. पण रूटला बहुतेक दारे उघडीच असतात. म्हणून ‘सुडो’ला वजा यू जोडून, झॅबिक्स या युजरच्या नावानेच ती फाइल वाचून पाहावी. वाचता आली नाही, तर दोष मालकीत किंवा वाटेत आहे. वाटेत म्हणण्याचे कारण असे, की फाइलपर्यंतच्या प्रत्येक डिरेक्टरीत शिरण्याची परवानगी, म्हणजे एक्स हे अक्षर, त्या युजरला असावेच लागते. शेवटची फाइल कितीही मोकळी असली तरी मधली एक डिरेक्टरी बंद असेल, तर सगळेच अडते. ‘नेमआय’ ही कमांड वजा एल लावून चालवली, की मुळापासूनची प्रत्येक पायरी, तिचा मालक आणि तिची परवानगी एकाखाली एक दिसते. ही कमांड फारच थोड्यांना ठाऊक असते, याचे मला वाईट वाटते.

आमच्या त्या रात्री मात्र फाइल झॅबिक्सच्या नावाने सहज वाचता आली, आणि तरीही सर्व्हिस सुरू होईना. ही विसंगतीच उत्तराकडे नेते. हाताने चालवलेली कमांड आणि सिस्टिमने सुरू केलेली सर्व्हिस, या दोघींचा युजर एक असला तरी एसई-लिनक्सच्या नजरेत त्या वेगळ्या असतात. एसई-लिनक्स म्हणजे लिनक्समधला सुरक्षेचा आणखी एक पहारा; कोणत्या प्रोग्रॅमने कोणत्या फाइलला हात लावावा, हे तो त्यांच्यावरची लेबले पाहून ठरवतो. मग ‘एलएस’ला मोठा झेड लावून पाहिले, तेव्हा फाइलच्या लेबलात ‘युजर होम’ हे शब्द दिसले. तीन दिवसांपूर्वी कोणीतरी नवी किल्ली स्वतःच्या होम डिरेक्टरीत तयार करून ‘एमव्ही’ने, म्हणजे फाइल हलवण्याच्या कमांडने, झॅबिक्सच्या जागी आणून ठेवली होती, एमव्ही जुने लेबल सोबत आणते, तर प्रत काढणारी साधी ‘सीपी’ नव्या जागेचे लेबल देते. एजंट किल्ली सुरू होतानाच वाचतो, म्हणून वीज जाईपर्यंत ही चूक कोणाच्या लक्षात आली नव्हती. जागेप्रमाणे योग्य लेबल पुन्हा लावणारी ‘रिस्टोरकॉन’ची एक कमांड दिली आणि एजंट उठला.

लेबल ठीक असूनही नकार येत असेल, तर ‘ए-यू-सर्च’ने ऑडिट लॉगमधला नकार शोधावा. २०१७ मध्ये झॅबिक्स ३.४ आले, तेव्हा सर्व्हर रन डिरेक्टरीत आलेली माहिती आधी तयार करण्यासाठी (प्रीप्रोसेसिंग) नवे सॉकेट, म्हणजे प्रोग्रॅमच्या भागांनी आपसात बोलायचे दार, उघडू लागला, आणि एसई-लिनक्सच्या जुन्या धोरणात, म्हणजे नियमावलीत, त्याला जागा नसल्यामुळे सेंटओएस ७ या लिनक्सवर तो सुरूच होत नसे. तेव्हा अनेकांनी एसई-लिनक्स कायमचे बंद केले. धोरणाचे पॅकेज अद्ययावत करणे, आणि ते उपलब्ध नसेल तर नकाराच्या नोंदीवरून नियम तयार करणाऱ्या ‘ऑडिट टू अलाऊ’ने तेवढीच परवानगी लिहून घेणे, हा योग्य मार्ग आहे, मात्र ते जे लिहून देते ते वाचल्याशिवाय बसवू नये. निदानासाठी ‘सेट-एनफोर्स शून्य’ देऊन एसई-लिनक्सची अडवणूक मिनिटभर थांबवता येते, पण लगेच पुन्हा एक द्यायला विसरू नये.

एजंट उठल्यावर त्या रात्री एक काम उरले होते. ते ७७७ अजून तसेच होते, आणि किल्ली त्या यंत्रावरच्या कोणालाही वाचता येत होती. आम्ही परवानगी ४०० केली, म्हणजे फक्त मालकाला वाचता येईल अशी, मालक झॅबिक्सच ठेवला, आणि मधल्या वेळेत ती कोणी वाचली असेल या शक्यतेपायी किल्लीही नवी बनवली, या वेळी सीपी वापरून.