पेटी उघडली की गल्ली बोलते

नमस्कार मंडळी! आज गप्पा मारायच्यात आयर्लंडच्या निवडणुकीवर, आणि लगेच चॅनल बदलू नका, कारण यात पक्षबिक्ष फार नाहीयेत, यात आहे एक पेन्सिल.

मी डब्लिनला राहतो. इथे एक मस्त गोष्ट आहे, भारतीय पासपोर्ट असला तरी लोकल कौन्सिलच्या निवडणुकीला मत देता येतं, संसदेच्या नाही, पण कौन्सिलच्या येतं. तर 7 जून 2024 ला मी मत दिलं. कागदी मतपत्रिका, उमेदवारांचे फोटो, आणि आपण शिक्का नाही मारायचा, नंबर लिहायचे, आवडता तो 1, मग 2, मग 3, जिथवर जीव रमेल तिथवर. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधला एक आयरिश दोस्त म्हणाला चल तुला खरी मजा दाखवतो, आणि मला मोजणीच्या हॉलमध्ये घेऊन गेला.

आता बघा, आपल्याकडे बूथवाइज आकडे सरकारच देतं, कुठल्या शाळेतल्या खोलीत कुणाला किती ते कागदावर येतं, आणि मग पुढारी गावात येऊन डोळे वटारतात, ते आपल्याला माहितीच आहे. आयर्लंडमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिका किती एवढंच तपासतात, मग सगळ्या पेट्यांमधला कागद एकत्र मिसळतात, आणि निकाल लागतो तो अख्ख्या मतदारसंघाचा. कुठल्या गल्लीने कुणाला मत दिलं हे सरकारदरबारी कुठेच लिहिलेलं नसतं.

मग लोकांना कळतं कसं? तर ही पेन्सिल.

हॉलमध्ये लांबलचक टेबलं, टेबलापलीकडे मोजणीचे कर्मचारी, अलीकडे कठडा, आणि कठड्यावर पोट टेकवून वाकलेली माणसं, सगळ्या पक्षांची, हातात पॅड आणि पेन्सिल. यांना म्हणतात टॅलीमन, बायकाही भरपूर असतात पण शब्द तोच चिकटलाय. पेटी टेबलावर उपडी होते, कर्मचारी घडी घातलेला एकेक कागद उलगडून सरळ करतात, आणि त्या एका क्षणात टॅलीमनने 1 कुणापुढे आहे ते टिपायचं, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, झाले पाच. माझ्या मित्राच्या शेजारी जी बाई उभी होती ती विरोधी पक्षाची, पण दोघं एकमेकांना विचारत होते, हा म्हणे, "अगं हा कुणाचा होता?" ती म्हणे, "हललास तू, मला दिसलाच नाही." म्हणजे रस्त्यावर भांडणार आणि इथे आकडे वाटून घेणार, कारण एका पक्षाची माणसं सगळ्या पेट्यांना पुरत नाहीत. पेटीवर नंबर असतो, नंबरावरून मतदान केंद्र कळतं, आणि केंद्रावरून वस्ती, की ही अमुक शाळेच्या मागची दोन हाउसिंग इस्टेट, म्हणजे कॉलन्या. दुपारपर्यंत जाणकार माणूस सांगतो कोण येणार, आणि अधिकृत निकालाला कधीकधी दोन दिवस लागतात! दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचं गणित मात्र या पेन्सिलीत फारसं येत नाही, तिथे अंदाजपंचे.

आणि या टॅलीचे, म्हणजे या रेघांच्या हिशोबाचे, नकाशे काढले की जे दिसतं ते आपल्याला अजिबात परकं वाटत नाही. उमेदवाराच्या गावाभोवती मतांचा ढीग, आणि जसजसं लांब जावं तसतसा तो उतरत जातो, म्हणजे पंचक्रोशीचा माणूस हो! पक्षही तेच वापरतात, इथे एका मतदारसंघातून अनेक जण निवडून येतात, म्हणून एकाच पक्षाचे दोन उमेदवार असतील तर हद्द आखून देतात, नदीच्या अलीकडच्यांनी याला 1 द्या त्याला 2, पलीकडच्यांनी उलटं. केरी परगण्यातलं हीली-रे हे राजकारणी घराणं बघा, किलगारव्हन नावाच्या छोट्या गावातलं. 2016 ला मायकल आणि डॅनी दोघे सख्खे भाऊ एकाच मतदारसंघात उभे, मायकलला 20 हजारांच्या वर, डॅनीला सुमारे 10 हजार, निवडून यायला लागतात त्याहून मायकलची जास्तीची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे डॅनीकडे वळली आणि दोघेही संसदेत. आपल्याकडे एवढ्यावरून भाऊबंदकीच्या तीन पिढ्या गेल्या असत्या.

आपला मालवणजवळच्या वराडचा दुवाही आहेच, लिओ वराडकर, 2020 ला पंतप्रधान असताना डब्लिन वेस्टमध्ये पहिल्या नंबरावर शिन फेन पक्षाचा पॉल डॉनेली आला आणि वराडकर निवडून यायला मोजणीची पाचवी फेरी लागली.

गंमत म्हणजे ही पेन्सिल एकदा जाणार होती. 2002 ला तीन मतदारसंघांत मशीनवर मतदान झालं, मीथ, डब्लिन नॉर्थ आणि डब्लिन वेस्ट. मशीन म्हटल्यावर पेटी नाही, टॅली नाही, दुपारची कुजबुज नाही. नोरा ओवन या माजी न्यायमंत्री, त्यांना आपण पडलो हे स्टेजवरच, सगळ्यांसमोर, एका फटक्यात कळलं. टॅली असती तर सकाळीच हळूच कुणीतरी कानात सांगितलं असतं आणि त्यांनी चेहरा तरी सावरला असता. लोकांना ते फार लागलं. मशीनं मागे पडायला, त्यांच्यावर भरवसा नाही हे मोठं कारण होतंच, पण माझ्या मते ती दुपार गेल्याचं दुःखही होतं. 5 कोटी युरोंहून जास्त खर्च झाला आणि 2012 ला ती मशीनं भंगारात गेली.

असो. मी मत दिलं त्या 2024 च्या निवडणुकीनंतर साधारण महिन्याभराने आमच्या दारावर टकटक, पडलेला एक उमेदवार, हसतमुख, हातात घडी घातलेला टॅलीचा कागद. म्हणाला, "तुमच्या इस्टेटच्या पेटीत मी जरा कमी पडलो, काय चुकलं सांगाल का?" मी आपलं चहा घेणार का विचारलं. मी त्याला तिसरा नंबर दिला होता, आणि टॅलीत तिसरा नंबर दिसत नाही.