शहराजवळचं कॅम्पिंग: आधी सूर्यास्त बघा, मग नकाशा

(तंबूची पिशवी कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार मंडळी! या पिशवीत दोन माणसांचा तंबू आहे. म्हणजे, पिशवीवर तसं छापलंय. आमच्या पहिल्या कॅम्पला तो आम्ही रात्री साडेनऊला, गाडीच्या हेडलाइटच्या उजेडात लावला. जागा एकदम मस्त मिळाली होती. सपाट, दगड नाहीत, गवत छान दबलेलं. इतकी चांगली जागा रिकामी कशी राहिली, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. मग रात्रभर कुणाची ना कुणाची टॉर्च तंबूवरून फिरतेय, चपला फटाक फटाक करत कानाशेजारून चालल्यायत. सकाळी चेन उघडली तेव्हा उलगडा झाला. आम्ही टॉयलेटच्या पायवाटेवर झोपलो होतो! गवत दबलं होतं ते त्यामुळेच.

यात कॅम्पवाल्यांची काही चूक नव्हती. आम्ही अंधारात पोचलो, एवढंच. आणि मोठ्या शहरातून निघणाऱ्या बहुतेकांचं इथेच बिघडतं. आपण म्हणतो, ८० किलोमीटर आहे, दीड तासात पोचू. पण सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी अख्खं शहर त्याच रस्त्यावर उतरलेलं असतं. शेवटचे ५० किलोमीटर लवकर सरतात, पहिले १५ जीव खातात.

म्हणून माझा हिशेब उलटीकडून सुरू होतो. त्या दिवशीचा सूर्यास्त किती वाजता आहे ते बघायचं. त्यातून दोन तास वजा करायचे. ती आपली पोचायची वेळ. समजा सूर्यास्त साडेसहाला आहे, तर साडेचारला तुम्ही जागेवर हवेत. आता नकाशाच्या ॲपमध्ये निघायची वेळ बदलून बघा. आत्ता किती लागतील ते नको, त्याच वारी, त्याच वेळेला किती लागतील ते बघा. वर वाटेतल्या थांब्याचा अर्धा तास. जी वेळ येईल, त्या वेळेला घराबाहेर पडणं जमत नसेल तर जागा कितीही देखणी असो, या खेपेला सोडून द्या. जवळची बघा, नाहीतर शनिवारी पहाटे निघा. आणि सोमवारची सुट्टी टाकता येत असेल तर सरळ रविवारची रात्र घ्या. तुम्ही जाताना सगळे परतत असतात.

आता जागा निवडायची कशी? फोटोवरून तर मुळीच नाही. फोटोत सगळ्या कॅम्पसाइट संध्याकाळी सहाच्या सोनेरी उजेडातल्या असतात. सॅटेलाइट नकाशा उघडा आणि पहिली गोष्ट मोजा ती हायवेपासूनचं आणि रेल्वेपासूनचं सरळ अंतर. रस्त्याने किती ते नाही, पक्षी उडेल तसं. कारण गंमत अशी आहे की दिवसा जी जागा शांत वाटते, तिथेच रात्री ट्रक ऐकू येतात. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते आणि वरची थंड, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आधी गार होते, थंड हवा खाली, उबदार वर. मग तोच आवाज वळून पुन्हा खाली येतो, थेट तुमच्या उशाशी. मधे एखादी टेकडी असेल तर बरंच निभावतं. झाडांच्या चार ओळींवर मात्र फार भिस्त ठेवू नका, त्या डोळ्यांना रस्ता लपवतात, कानांना नाही.

दुसरी गोष्ट सांगितली की लोक नाराज होतात. अगदी पाण्याकाठची जागा नको. हो, तीच, सगळ्यांना हवी असलेली! थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून ओघळून खोलगट भागात साठते. तलाव असतो तोही खोलगट भागातच. वर पाण्याची दमट हवा. पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला हात लावून बघा, ओला होईल. कुशीवर वळलात की थेंब मानेवर. लोक म्हणतात तंबू गळका निघाला. गळका नसतो हो, तुमच्याच श्वासातली वाफ गार कापडावर जमलेली असते. उपाय सोपा: थोडं वर चढून तंबू लावा आणि खिडक्यांच्या जाळ्या उघड्या ठेवा. तसंही पाण्यापासून निदान ६० मीटर दूर राहावं, पाणी आणि तिथे प्यायला येणारी जनावरं दोघांच्याही भल्यासाठी. आणि कोरडं नदीपात्र दिसलं, वाळू मऊ दिसली, तरी तिथे अजिबात नाही. पाऊस वरच्या खोऱ्यात पडतो, लोंढा तुमच्यापर्यंत नंतर येतो. तुमच्या डोक्यावर तोवर चांदणं असतं.

चांदण्याबद्दल एकच: शहराच्या जवळ आकाशगंगा दिसेल या आशेवर जाऊ नका. तारेच बघायचे असतील तर अमावास्येच्या आसपासची तारीख धरा आणि शहराची झळाळी ज्या दिशेला आहे तिकडे पाठ करा.

तंबू ठोकण्याआधी मान वर करा. वाळलेली फांदी लटकतेय का? तिच्याखाली नाही. मग त्या जागेवर अंग टाकून दोन मिनिटं पडून राहा, खरंच. डोळ्याला न दिसणारा उतार पाठीला लगेच कळतो. थोडा उतार असेलच तर डोकं चढाच्या बाजूला. पूर्वेला सावली असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर ऊन चढलं की तंबूची भट्टी होते.

बुकिंगच्या आधी रिव्ह्यू वाचायचे ते दोन स्टारवाले. पाच स्टारवाल्यांना सगळंच छान असतं आणि एक स्टारवाला भांडून आलेला असतो. नंतर फोन करा. ‘शांतता असते का’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’च येणार. ‘स्पीकर किती वाजता बंद करता’ असं विचारा. पलीकडून आधी एक मोठा ‘अं…’ आला तर समजून जा. किती तंबूंमागे किती टॉयलेट, गाडी तंबूपासून किती लांब, हेही विचारा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ते पार्किंगपासून कोण वाहणार?

सामानावर वेगळा व्हिडिओ करेन, पण पैसे मोजायचेच असतील तर आधी मॅटवर. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग तुमच्या वजनाने दबून चपटा होतो, त्यात हवा उरत नाही, म्हणून ऊब देत नाही. थंडी जमिनीतून येते, ती अडवते मॅट. मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते, जितकी जास्त तितकी उबदार. बॅगवर दोन तापमानं असतात, ‘कम्फर्ट’वालं बघा. ‘लिमिट’ म्हणजे गाठोडं होऊन कशीबशी रात्र काढायची. आणि दोन माणसांच्या तंबूत दोन माणसंच मावतात, बॅगा नाहीत.

(पिशवी खाली ठेवून)

आता हे जरा नीट ऐका. शेगडी, कोळसे, पेटता स्टोव्ह, यातलं काहीही तंबूच्या आत न्यायचं नाही. थोडे निखारे उरले असले, बाहेर कडाका असला, तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोप येतेय असं वाटतं आणि माणूस उठतच नाही. विजा चमकायला लागल्या तर तंबूत बसून राहू नका, पक्क्या छताच्या गाडीत जाऊन काचा लावून घ्या. चमकणं आणि गडगडाट यांच्यात ३० सेकंदांहून कमी वेळ असेल तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच बाहेर या.

आणि घरी आल्यावर हात-पाय धुवायच्या आधी तंबू बाहेर काढा. (पिशवीतून तंबूचं कापड ओढून, कॅमेऱ्याजवळ) हे काळे ठिपके दिसतायत? बुरशी आहे. सकाळचं दव न वाळवता गुंडाळला, ‘उद्या वाळत घालू’ म्हणून माळ्यावर टाकला. आमचा तो उद्या तीन आठवड्यांनी उजाडला.