दडून बसलेला सीएमव्ही

(दृश्य: ब्रॉन्कोस्कोपीची खोली)

नाकातून घातलेली नळी श्वासनलिकेत उतरलीय. एका फाट्यात ती टेकवून डॉक्टर सलाइन सोडतात आणि लगेच ओढून घेतात. बाटलीत थोडंसं गढूळ पाणी जमतं, वर फेस. निदान व्हायचं तर यातूनच.

काकांना दुसऱ्याची किडनी बसवून पाचवा महिना. खोकला कोरडा, ताप जेमतेम 99. रोज स्टेरॉइड घेणाऱ्याचा ताप फसवा असतो, हे वॉर्डातल्या सिस्टरही सांगतील. "काका, बाथरूमपर्यंत जाऊन या बरं," त्या म्हणतात. काका परत येतात तेव्हा ऑक्सिमीटर 96 वरून 88 वर आलेला. एक्स-रेत विशेष काही नव्हतं. सीटी स्कॅनमध्ये मात्र दोन्ही फुप्फुसांत धुकं.

संशय सायटोमेगॅलोव्हायरसवर, म्हणजे सीएमव्हीवर. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होतो, कळतही नाही, आणि मग तो जन्मभर अंगात दडून राहतो. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट सुरू झालं की पहारा सैल पडतो आणि हा उठतो. कधी तो दात्याच्या किडनीबरोबरच येतो.

फुप्फुसातून काढलेल्या पाण्याचा पीसीआर, म्हणजे विषाणू शोधणारी चाचणी, पॉझिटिव्ह आली, तरी गुन्हेगार तोच असं नव्हे. अशा फुप्फुसांत सीएमव्ही नुसता वस्तीलाही असतो. म्हणून त्याच पाण्यात फ्लू, न्यूमोसिस्टिससारख्या बुरशी शोधतात. टीबी तर शोधायचाच. सूक्ष्मदर्शकाखाली घुबडाच्या डोळ्यासारखी पेशी दिसली की खात्री पटते, पण ती दरवेळी दिसत नाही. दम लागलेला असताना रिपोर्टची वाट कोण बघणार? औषध आधीच सुरू होतं.

गॅन्सिक्लोव्हिर. अमेरिकेत 1989 साली त्याला मान्यता मिळाली ती एड्सच्या रुग्णांची नजर सीएमव्हीपासून वाचवण्यासाठी. शिरेतून, दर 12 तासांनी, किलोमागे 5 मिलिग्रॅम. किडनी मंद असेल तर कमी. किमान दोन-तीन आठवडे. पंचाईत अशी की हे औषध पांढऱ्या पेशी पाडतं, आणि मायकोफेनोलेटही पाडतं. मायकोफेनोलेट थांबवावं, तर किडनीची धास्ती. त्यामुळे रोज सकाळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय ते सांगणारी तपासणी) यांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले जातात.

(दृश्य: नर्सच्या टेबलावरचा चार्ट)

दहावा दिवस. चालून आल्यावर ऑक्सिमीटर 93. पांढऱ्या पेशी 3,200. मायकोफेनोलेट अजून बंदच.