ऑस्करचा पंख झिजतोय? आधी बादली उचला, मग बाटली

नमस्कार मंडळी. आज थेट टँकजवळच उभा आहे. हा ऑस्कर मासा, फूटभराचा. याच्या शेपटीचा काठ नीट बघा. कापडाच्या दशा निघाव्यात तशा काड्या सुट्या झाल्यात, टोकाला दुधाळ पांढरी किनार आहे, आणि इथं आतल्या बाजूला बारीक लाल रेघ. याला फिन रॉट म्हणतात, म्हणजे पंखाची सड. सुरुवात आहे, घाबरायचं काम नाही.

आता पाठीवरचा पंख बघा. तोही फाटलाय, पण चीर सरळ आहे आणि पांढरं काही नाही. दगडाला घासून किंवा भांडणात झालेलं असणार. त्याला हात लावू नका, पाणी स्वच्छ असेल तर आपोआप भरून येतो.

सांगलीत काय नि कुठं काय, दुकानात जाऊन "पंख सडलाय" म्हटलं की औषधाची निळी नाहीतर पिवळी बाटली हातात पडते. माझं म्हणणं, बाटली नंतर. हा रोग करणारे एरोमोनास, स्यूडोमोनास असले जिवाणू टँकमध्ये कायम असतातच. माशाची ताकद कमी झाली की ते डोकं वर काढतात. आणि मोठ्या माशाची ताकद जाते ती बहुतेक वेळा स्वतःच्याच घाणीत राहून. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न हे मोठे मासे म्हणजे खादाड जनावरं. आपण त्यांना ठेवणार तीन फुटी टँकमध्ये, वर चिकनचे तुकडे घालणार, उरलेले तसेच तळाला.

त्यात पाणी कुठलं, हे फार महत्त्वाचं. बोअरचं पाणी जड असतं, पीएच (पाणी आम्ल की अल्कली याचं माप) बऱ्याचदा चढा असतो. पीएच आणि तापमान जेवढं जास्त, तेवढा माशाच्या घाणीतून होणारा टँकमधला तोच अमोनिया जास्त विषारी होतो. एप्रिल-मेमधलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. नळाचं पाणी असेल तर त्यातलं क्लोरीन आधी घालवा, पावसाळ्यात तर नक्कीच, आणि मगच पाणी टँकमध्ये सोडा.

म्हणून आज चौथा हिस्सा पाणी बदला, परवा पुन्हा. तळ सायफनने ओढून घ्या. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतलात तर त्यातले अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मरतात आणि अमोनिया उलट वाढतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट, दोन्ही शून्य दिसले पाहिजेत.

मग मीठ. साधं खडे मीठ. माशाचं रक्त पाण्यापेक्षा खारट, म्हणून पाणी सतत अंगात शिरतं आणि मासा ते बाहेर टाकत बसतो. जखम असली की हे काम आणखी वाढतं. मिठाने तो भार हलका होतो. प्रमाण लिटरला 1 ग्रॅम. इथं हिशेब चुकतो, म्हणून करूनच दाखवतो. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, म्हणजे 9 घनफूट. एका घनफुटात 28 लिटर, झाले 252. वरची मोकळी जागा आणि वाळू वजा केली की पाणी धरा 220 लिटर. मीठ 220 ग्रॅम, बादलीत विरघळवून, दिवसभरात तीन वेळा थोडं थोडं. मीठ उडून जात नाही. 55 लिटर पाणी बदललं तर 55 ग्रॅमच परत घाला, पुन्हा 220 नाही. टँकमध्ये झाडं किंवा लोच (तळाशी राहणारे मासे) असतील तर माशाला वेगळ्या टबमध्ये घेऊन मीठ द्या.

पाच-सहा दिवसांत काठ सरकायचा थांबला नाही, तर मोठ्या माशाला एक सोय आहे, जी गप्पीसारख्या छोट्या माशाला नाही. दोघांनी मिळून करायचं. जाळीत पंखाचे काटे अडकतात, म्हणून मासा टबमध्ये घ्या, ओल्या मऊ टॉवेलवर ठेवा, डोळे झाका. कापसाच्या काडीवर पोविडोन आयोडीन घेऊन फक्त पंखाच्या काठावर टिपा. कल्ल्याकडे एक थेंबही जाऊ देऊ नका. अर्ध्या मिनिटात मासा पाण्यात परत. अरोवानावर हा प्रयोग घरी करू नका. तो उसळला की आवरत नाही, आणि दुसरीच जखम होते.

आणि माणसांच्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून टँकमध्ये टाकणं बंद करा! जड पाण्यातलं कॅल्शियम ते औषध बांधून ठेवतं, म्हणजे पंखाला उपयोग कमी आणि फिल्टरचं नुकसान उरतंच.

काठाला नवी पारदर्शक कड दिसली की ती बुरशी नव्हे, नवा पंख येतोय. पण सड पंखाच्या मुळापर्यंत गेली, खवले उभे राहिले किंवा माशानं खाणं सोडलं, तर घरगुती इलाज थांबवा आणि माशांचं काम करणाऱ्या व्हेटला दाखवा.

खाली विचारताना टँकचं माप, माशाची लांबी आणि पाणी नळाचं की बोअरचं, एवढं लिहा. नुसतं "सर, औषध सांगा" लिहिलंत तर मी काय सांगणार, कप्पाळ?