लाल ठिपक्याचा वर्णपट

(दृश्य: जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने टिपलेलं आकाश. कॅमेरा एका ठिपक्यावर जातो.)

फॉर्नॅक्स तारकासमूहातला हा लालसर ठिपका म्हणजे जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका. तिला अगदी खेटून दिसते ती दुसरी, आपल्याला बरीच जवळची. त्यामुळे सुरुवातीला खुद्द शोधणाऱ्यांनाच शंका होती, की हा ठिपका त्या शेजारणीचाच सोबती तर नाही ना?

(दृश्य: तोच तुकडा, एकामागून एक फिल्टर.)

या फिल्टरमध्ये ठिपका नाही. पुढच्यातही नाही. आणि आता, हा बघा, उगवला! वाटेतला हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा प्रकाश गिळून टाकतो, तिथे प्रकाश एकदम तुटतो. विश्व प्रसरण पावतं, तशा लहरी ताणल्या जातात आणि ही तुटीची कडा अवरक्तात सरकते.

पण नुसत्या रंगावर भिस्त ठेवली की फजिती होते. २०२२ मध्ये एका दीर्घिकेची ताम्रसृती, म्हणजे प्रकाशलहरी किती ताणल्या गेल्या त्याचं माप, रंगांवरून १६.४ काढली होती. हे माप जितकं मोठं, तितकी दीर्घिका दूर. मग वर्णपट, म्हणजे लहरींनुसार उलगडलेला प्रकाश, हाती आला आणि आकडा निघाला ४.९! धूळ आणि तेजस्वी रेषांनी मिळून चकवलं होतं.

(दृश्य: अमेरिकेतली माउंट विल्सन वेधशाळा, जुनं छायाचित्र.)

हबल यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. दूरदूरच्या दीर्घिकांचे वर्णपट मिळवायला रात्र रात्र दुर्बिणीशी बसायचे ते मिल्टन ह्यूमसन. याच डोंगरावर सामान वाहणारी खेचरं हाकायचे, मग वेधशाळेत झाडलोट करायचे. पुढे तिथेच निरीक्षक झाले.

(दृश्य: सूक्ष्म झडपांची जाळी.)

आज वर्णपट मिळवायच्या त्या कामात वेबवरची ही जाळी मदत करते. जवळपास अडीच लाख झडपा, एकेक जेमतेम केसाच्या जाडीची. हव्या त्या दीर्घिकेसमोरची झडप उघडायची, बाकीच्या बंद. जानेवारी २०२४ मध्ये या ठिपक्याचा प्रकाश असा सुमारे दहा तास गोळा केला.

(दृश्य: आलेख.)

डावीकडे नुसता गोंगाट. मग १.८५ मायक्रॉनच्या आसपास एकदम चढ. हीच ती १२१.६ नॅनोमीटरची कडा, लहरी पंधरापट ताणलेल्या! पुढे चिलीतल्या आल्मा दुर्बिणींना ऑक्सिजनची रेषा सापडली आणि ताम्रसृती १४.१८ वर पक्की झाली. प्रकाश निघाला तेव्हा महास्फोटाला जेमतेम ३० कोटी वर्षं झाली होती. ती दीर्घिका आज आपल्यापासून सुमारे ३,४०० कोटी प्रकाशवर्षं दूर आहे.

इतक्या लवकर इतकी तेजस्वी दीर्घिका कशी घडली, यावर सिद्धांतकारांची खटपट चालू आहे.

(दृश्य: नवा ठिपका.)

आणि ही मॉम-झेड१४. २०२५ मध्ये जाहीर झाली. ताम्रसृती १४.४४, तीही वर्णपटावरून.