उलट्या पावलांची हडळ

श्रोते हो, नमस्कार. हडळीची पावलं उलटी असतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आज विचार करायचा तो एवढाच: असा प्राणी खरंच असता, तर तो चालला कसा असता?

त्याआधी आमच्या रानातली एक गोष्ट ऐका. मानवत तालुक्यातलं रान, विहिरीवर चिंच. मी तेव्हा सहावीत. थंडीचे दिवस, गव्हाला पाणी चालू, आणि लाईट रात्रीची. शेतीला लाईट दिवसाच पाहिजे, हे मी कुठलाही विषय असला तरी सांगतो. अंधारात दारं धरताना पान लागून, म्हणजे साप चावून, माणसं जातात हो!

तर सकाळी भाकरी घेऊन गेलो. विहिरीजवळच्या ओल्या काळ्या मातीत अनवाणी पावलं उमटलेली. सगळ्यांची बोटं विहिरीकडं. शेवटचं पाऊल अगदी काठाशी. परतीचं एकही नाही. वर बघितलं, तर चिंच. माझ्या हातातलं फडकं गळालं आणि मी जी बोंब ठोकली!

आबा बांधावरून आले. माझा हात धरून त्यांनी मला खाली बसवलं. "कामून भ्यालास रं? नीट बघ. माती कुठं सरकली?" बोटांच्या पुढं मातीची बारीक वरंबी चढली होती. "म्होरं चालणारा माती टाचंकडं सारतो. ह्यानं बोटांकडं सारलीया. म्हंजी हा गडी मागं मागं गेलाय." मग त्यांनी पावलांच्या मधला गुळगुळीत पट्टा दाखवला. रात्री त्यांनीच मोटरीचा पाईप ओढत नेला होता, तोंड विहिरीकडं करून. विहिरीवर आले होते ते मोटेच्या जुन्या धावेवरून, कोरड्यातून.

पुढं चालणारा माती टाचेकडं सारतो. हे ध्यानात ठेवा, हडळीसाठी लागेल.

पोटरीची जाड शीर टाच उचलते, भार बोटांवर येतो आणि बोटं माती मागं रेटतात. पाऊल उलटं केलं की पुढं बोटांचा टेकाच राहत नाही. अंग जरा झुकलं की हडळ तोंडावर आपटणार. जमिनीवर तिला पळता यायचं नाही. पुन्हा सांगतो, जमिनीवर नाही.

मग चिंचेवर? खार खोडावरून डोकं खाली करून उतरते, तेव्हा मागचे पाय घोट्यातून उलटे फिरवते. नखं सालीत रुततात आणि सगळं अंग त्यांच्यावर टांगलं जातं. हडळीचं पाऊल कायमचं तसं वळलेलं, म्हणून मी तिला झाडावरचा प्राणी मानतो. रात्री वावरायचं तर मांजरासारखा डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला चमकता पडदाही हवा. बॅटरी मारली की डोळे हिरवे दिसतात, ते त्या पडद्यामुळं.

रस्ते रुंद करताना जुन्या चिंचा पाडतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. आमची अजून उभी आहे. परवा दुपारी तिच्यावरून एक खार उतरली: डोकं खाली, शेपूट वर, मागची दोन्ही पावलं पार उलटी.